सावेलाबाईंची ओळख

ह्या शाळेत आम्ही एकतीस वर्षे मराठी शिकविले आणि त्यांतली निदान वीस वर्षे व्याकरण. आमच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांस आमची तांबडी पेन्सिल अद्याप आठवत असेल. आजच्या पालकांपैकी कित्येकांच्या वह्यांवरूनही तीच फिरलेली आहे. तेव्हा वार्षिक अंकासाठी आमच्याकडून शुद्धलेखनावर किंवा निदान भाषेवर काही येईल, असे संपादकांनी मनात धरले असल्यास त्यांचा दोष नाही. परंतु आज आम्ही जिच्याविषयी लिहिणार आहो ती बाई मराठी नव्हती आणि व्याकरणकारही नव्हती. ती युक्रेन देशातून कॅनडात जाऊन राहिलेली एक गृहिणी होती, आणि तिचे सर्वांत अधिक खपलेले पुस्तक स्वयंपाकाचे आहे. तिचे नाव सावेला स्तेचिशिन. आपल्याकडील रीतीस अनुसरून आम्ही त्यांस सावेलाबाई म्हणू.

त्यांची आमची भेट होणे शक्यच नव्हते. २००२ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या, आणि त्यांचे नाव आम्ही प्रथम ऐकिले ते २०१८ साली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आम्ही उभयता आमच्या मुलीकडे सहा महिन्यांकरिता गेलो होतो. तिचे बिऱ्हाड कॅनडातील सास्काचेवान प्रांतात, सास्काटून ह्या शहरी आहे. मुलूख अगदी सपाट. नजर पोहोचेल तिकडे गव्हाची कापलेली शेते. मधून एक मोठी नदी वाहते, तीही हिवाळ्यात गोठते. शून्याखाली तीस अंश म्हणजे काय, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचणे वेगळे आणि दार उघडल्याबरोबर नाकातील केस ताठ होणे वेगळे. असो.

नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. एके दिवशी शाळेतून येताच त्याने दप्तर टाकिले आणि 'मी बाबांकडे जातो' अशा अर्थाचे काहीतरी इंग्रजीत बोलून तो बाहेर पळाला. आमची मुलगी आम्हांस बाबा म्हणते, आणि आम्ही तर खुर्चीत बसलेलो. चौकशी केली तेव्हा कळले की, हे 'बाबा' म्हणजे शेजारच्या घरातील आजीबाई! युक्रेनी भाषेत आजीला 'बाबा' म्हणतात, आणि आळीतील सगळी मुले त्यांस त्याच नावाने हाक मारीत. सौभाग्यवतींस ह्या गोष्टीचे इतके हसू आले की, पुढे आठवडाभर त्या आम्हांस 'आजीबाई' म्हणत होत्या.

शेजारणीच्या घराण्यातील मूळपुरुष गालिसियातून आला त्यास शंभरावर वर्षे झाली होती. त्यांचा नातू आमच्या नातवाच्याच वयाचा. युक्रेनी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकविणारी एक शाळा त्या शहरी आहे, तेथे तो जात असे. संध्याकाळी दोन्ही मुले त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसत, आणि तो मुलगा आजीशी तिच्या भाषेत बोले. पाचव्या पिढीतला मुलगा! आमचा नातू मात्र आजीशी इंग्रजीत बोले आणि आजी त्याच्याशी खुणांनी. त्याची आई ह्याच शाळेत मराठीचे बक्षीस मिळवून गेलेली. हे दृश्य पाहून परतताना आमचा पाय त्या बर्फात जड झाला तो केवळ बुटांमुळे नव्हे.

आम्ही एकदा शेजारणीस विचारिले की, एवढी भाषा आपण राखिली तरी कशी? त्या म्हणाल्या, "राखिली कोठे? माझी भाषा मोडकी आहे." खरोखरच, त्या दुकानास 'श्टोर' म्हणत व मोटारीस 'कारा'. इंग्रजी शब्द घेऊन त्यास युक्रेनी शेपूट लावावयाचे, अशी तिकडील जुन्या वस्तीची बोली आहे. मग त्या उठल्या आणि त्यांनी फळीवरून एक जाड पुस्तक काढून आमच्या हाती दिले. त्याच्या पानांवर लोण्याचे व पिठाचे डाग होते. 'कुत्या' नावाच्या पदार्थाचे पान तर सुटून आले होते. त्या म्हणाल्या, "माझी आई मी लहान असताना गेली. मला सगळे हिने शिकविले." पुस्तकाचे नाव 'पारंपरिक युक्रेनी पाककला' अशा अर्थाचे, १९५७ साली विनिपेगच्या ट्रायडेंट प्रेसने काढलेले, लेखिका सावेला स्तेचिशिन. पुस्तक इंग्रजीत होते. ही गोष्ट तेव्हा आम्हांस विसंगत वाटली. तिचा उलगडा पुढे होईल.

सावेलाबाईंचा जन्म १९०३ सालचा, गालिसियातील तुदोर्कोविची नावाच्या खेड्यातला. हा मुलूख आज युक्रेनच्या पश्चिम भागात मोडतो. त्या काळी तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाच्या अमलाखाली होता. भावाभावांत वाटे होता होता कुणब्याच्या हाती जमिनीची चिंधी उरावी, अशी तेथील स्थिती. समुद्रापलीकडे कॅनडाचे सरकार दहा डॉलर घेऊन एकशे साठ एकर माळ देते, ही वार्ता अशा गावांत येऊन थडकल्यावर काय होणार! १८९१ साली दोघे शेतकरी पाहणीस गेले, आणि १९१४ पर्यंत त्यांच्यामागून सुमारे एक लाख सत्तर हजार माणसे गेली. सावेलाबाईंचे आईबाप त्यांत १९१३ साली निघाले आणि सास्काचेवानात क्रायडोर गावाजवळ शेतीवर राहिले. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होत होती.

एकशे साठ एकर हा आकडा वाचून आमच्या पालकवर्गातील शेतकऱ्यांचे डोळे विस्फारतील. परंतु ती जमीन म्हणजे तयार शेत नव्हे. झाडे तोडणे, मुळे खणणे, दगड वेचणे ह्यांत वर्षे जात. पहिल्या वस्तीकऱ्यांपैकी कित्येकांनी पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या आणि वर गवताळ मातीची ढेकळे रचलेल्या खोपटात काढला. चार पैसे रोख मिळावे म्हणून पुरुष रेल्वेच्या किंवा खाणीच्या कामावर महिनोन्‌महिने जात. मागे त्या ओसाडीत बायका, मुले आणि गाय. तिकडील वसाहतीचा इतिहास पुरुषांच्या नावांनी भरलेला आहे, पण ती ढेकळे कोणी रचली हे त्या बायकांच्या हातांस विचारावे.

मुलगी येऊन वर्ष होते न होते तोच, १९१४ साली, युद्ध पेटले. ऑस्ट्रियाच्या बादशहाची प्रजा म्हणून ही सारी मंडळी कॅनडाच्या लेखी शत्रूकडील ठरली. ज्याच्या जाचाला कंटाळून घर सोडिले त्याचेच हस्तक म्हणून संशय! सुमारे ऐंशी हजार लोकांची नोंद करून त्यांस ठराविक मुदतीने पोलिसांपुढे हजेरी लावावयास लाविली, आणि साडेआठ हजारांहून अधिक माणसे छावण्यांत कोंडिली. त्यांत पाच हजारांवर युक्रेनी होते. शेवटची छावणी उठली ती १९२० साली. ह्याच सुमारास शाळांतूनही त्यांची भाषा गेली. शेजारच्या मॅनिटोबा प्रांताने १९१६ साली द्विभाषिक शाळा बंद केल्या, आणि दोनतीन वर्षांत सास्काचेवाननेही तोच कित्ता गिरविला. अशा हवेत वाढणाऱ्या मुलीने आपले घरचे बोलणे, आपला कशिद्याचा सदरा आणि आपल्या आईच्या हातची लसणाची फोडणी लपविली असती तर तिला कोण दोष देता?

सावेलाबाईंनी तसे केले नाही, ह्याचे श्रेय एका वसतिगृहास आहे. १९१६ साली सास्काटून येथे पेत्रो मोहिला ह्यांच्या नावाने एक संस्था निघाली. हे मोहिला सतराव्या शतकातील कीव्हचे प्रधान धर्माध्यक्ष व विद्येचे मोठे आश्रयदाते. खेड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलामुलींनी तेथे राहावे, दिवसा शहरातील इंग्रजी शाळांत शिकावे, आणि सकाळ-संध्याकाळ आपली भाषा, आपला इतिहास, आपली गाणी व नाटके शिकावी, अशी योजना. आमच्या शाळेच्या बोर्डिंगात वाढलेल्यांस ती मुळीच अपरिचित वाटणार नाही. फरक एवढाच की, आमच्या बोर्डिंगातील मुलास मराठी विसरण्याची भीती नव्हती.

तेथेच जूलियन स्तेचिशिन ह्यांच्याशी त्यांची गाठ पडली, आणि १९२१ साली, अठरा वर्षे पुरी होण्याच्या आतच, त्यांचे लग्न झाले. जूलियन त्या संस्थेचे प्रमुख झाले. एवढ्यावर ही गोष्ट संपावयाची. अशा गोष्टी बहुधा एवढ्यावरच संपतात. परंतु ह्या मुलीने संसार मांडून शिक्षण चालू ठेविले, आणि १९३० साली सास्काचेवान विद्यापीठाची गृहविज्ञानाची पदवी घेतली. त्या विद्यापीठाची पदवी घेणारी ती पहिली युक्रेनी स्त्री. त्या तीन मुलांच्या आई होत्या, आणि त्यांची मुले युक्रेनी बोलत.

आता, गृहविज्ञान म्हटले की आमच्या पुरुषवाचकांच्या चेहऱ्यावर जे बारीक हसू येते ते आम्हांस ठाऊक आहे, कारण ते आमच्याही चेहऱ्यावर येत असे. परंतु विद्यापीठाच्या वतीने ह्या बाई खेडोपाडी जाऊन आपल्या लोकांच्या बायकांस त्यांच्याच भाषेत व्याख्याने देऊ लागल्या तो काळ ध्यानात घ्यावा. १९३० नंतरची ती वर्षे म्हणजे अवर्षण, धुळीची वादळे व मंदी ह्यांची वर्षे. सास्काचेवानइतका मार दुसऱ्या प्रांतास क्वचितच बसला असेल. अशा घरी जाऊन लेकरांस काय खाऊ घालावे, तान्ह्यास कसे सांभाळावे, हे सांगावयाचे. विनिपेगहून निघणाऱ्या 'उक्राइन्स्की होलोस', म्हणजे 'युक्रेनचा आवाज', ह्या पत्रात स्त्रियांचे पान त्यांनी पंचवीस वर्षे चालविले. ज्या बाईस इंग्रजी येत नाही, जी डॉक्टरापाशी बोलू शकत नाही, तिच्यापर्यंत नवे ज्ञान पोहोचावयाचे तर ते तिच्या भाषेतूनच पोहोचले पाहिजे, हे त्यांनी ओळखिले होते. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कामाची किल्ली येथे आहे. त्यांच्या लेखी मातृभाषा ही देव्हाऱ्यातील मूर्ती नव्हती; ती कामावर जुंपावयाची होती.

१९२६ साली सास्काटून येथे कॅनडातील युक्रेनी स्त्रियांची संघटना स्थापन झाली. संस्थापिकांत सावेलाबाई होत्या. ह्या संघटनेने १९३६ साली त्याच शहरी युक्रेनी संग्रहालय काढिले. हे संग्रहालय आम्ही पाहिले. तेव्हा ते नदीकाठच्या इमारतीत होते, आणि मुलीने आम्हांस नेले ते मुख्यतः बाहेरची थंडी चुकविण्यासाठी. आत भरतकाम केलेले लांबट रुमाल होते. त्यांस 'रुश्निक' म्हणतात. मूल जन्मले, लग्न लागले, माणूस गेले, प्रत्येक प्रसंगी हा रुमाल लागतो. एका प्रांतात पांढऱ्यावर पांढऱ्याच दोऱ्याचे काम, दुसऱ्या प्रांतात बाह्या काळ्या दोऱ्याने इतक्या भरलेल्या की, कापड दिसू नये. सदऱ्यावरून गाव ओळखता येई म्हणतात. शेजारच्या कपाटात रंगविलेली ईस्टरची अंडी. मेणाने रेघ काढावयाची, अंडे पिवळ्या रंगात बुडवावयाचे, पुन्हा मेण, मग नारिंगी, मग तांबडा, शेवटी काळा. आणि शेवटास मेण तापवून पुसले की सगळे रंग एकदम उघडतात. ह्या अंड्यास 'पिसांका' म्हणतात, आणि तो शब्द ज्या धातूपासून निघाला त्याचा अर्थ लिहिणे असा आहे. म्हणजे ती बाई अंडे रंगवीत नाही, लिहिते! धातू सापडला म्हणून आम्ही फार खूश झालो. मुलगी म्हणाली, "बाबा, अंड्याकडे पाहा ना."

ह्या वस्तू राजवाड्यातल्या नव्हत्या. त्या पेट्यांच्या तळातून आल्या होत्या. आया त्या जपत होत्या आणि मुलींस त्यांची लाज वाटत होती, अशा वेळी ह्या बायका घरोघर सांगत फिरल्या की, ही कला आहे, हिची नोंद करा, हिचा नमुना उतरून घ्या. भरतकामावर सावेलाबाईंनी स्वतः एक ग्रंथ लिहिला, तो १९५० साली निघाला. त्यांस १९८९ साली 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा सन्मान मिळाला, व १९९८ साली प्रांताचाही. ज्या देशाने त्यांच्या लहानपणी त्यांच्या लोकांस हजेरी लावावयास लाविली, त्यानेच हा मान दिला. तेवढ्यासाठीच आम्ही त्याचा उल्लेख करितो.

आता त्या पुस्तकाकडे वळू. जूलियन स्तेचिशिन ह्यांनीही एक पुस्तक लिहिले आहे, आणि ते व्याकरण आहे: इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी युक्रेनी भाषेचे, १९५१ सालचे. नवऱ्याचे व्याकरण आणि सहा वर्षांनी बायकोचे पाकशास्त्र. दोन्ही एकाच छापखान्यातून. हे कळल्यावर आमचा ओढा कोणीकडे गेला असेल हे सांगावयास नको. व्याकरण फार चांगले आहे असे जाणकार म्हणतात, व विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. पण शेजारणीच्या फळीवर ते नव्हते. पाकशास्त्र होते, आणि त्याच्या अठरा आवृत्त्या झाल्या.

शेजारणीने आम्हांस आपल्या ख्रिस्तजयंतीच्या आदल्या संध्याकाळी जेवावयास बोलाविले. जुन्या पंचांगाप्रमाणे ती संध्याकाळ ६ जानेवारीस येते. (युक्रेनमधील मुख्य ऑर्थोडॉक्स मंडळीने २०२३ साली पंचांग बदलून २५ डिसेंबर धरिला आहे, आम्ही सांगतो ते २०१९ चे.) दोन्ही मुले खिडकीशी पहिल्या तारकेची वाट पाहत उभी. तारा दिसल्यावाचून पान वाढावयाचे नाही. टेबलावरील कापडाखाली गवत पसरलेले, कारण बाळ गव्हाणीत निजला होता. मधोमध वेणी घातलेली गोल पोळी, तीत मेणबत्ती. कोपऱ्यात गव्हाची पेंढी. एक ताट वाढून रिकामे ठेविले होते. ते जे गेले त्यांच्यासाठी व जे दूर आहेत त्यांच्यासाठी. बारा पदार्थ, बारा प्रेषितांचे, आणि त्यांत मांस नाही, दूध नाही, लोणी नाही. सौभाग्यवतींनी आमच्या कानात म्हटले, "हा तर आपल्या उपासाचा थाट!" पहिला पदार्थ कुत्या: शिजविलेले गहू, मध आणि वाटलेली खसखस. आपली गव्हाची खीर ज्यास ठाऊक आहे त्याने डोळे मिटून खाल्ल्यास त्यास आपल्या आजोळची आठवण यावी. मग बीटाचा तांबडा बोर्श्च. ह्या बोर्श्चची नोंद युनेस्कोने २०२२ साली, युद्धाच्या धामधुमीत, तातडीने रक्षण करावयाच्या वारशांत केली. मग कोबीच्या पानांत भात गुंडाळलेले 'होलुब्त्सी'. मग 'वारेनिकी', म्हणजे आकार करंजीचा पण तळलेली नव्हे, उकळत्या पाण्यातून काढलेली. "ख्रिस्त जन्मला!" असे थोरांनी म्हणावयाचे आणि "त्याचे स्तवन करा!" असे सर्वांनी उत्तर द्यावयाचे. आमच्या नातवाने ते उत्तर त्यांच्या भाषेत दिले. स्पष्ट, न अडखळता.

जेवताना त्या पुस्तकाची गोष्ट निघाली. सावेलाबाई साऱ्या जन्मभर युक्रेनी भाषेसाठी झटल्या. ती माध्यमिक शाळांत शिकविली जावी म्हणून जे झगडले त्यांत त्या होत्या, आणि १९५२ साली सास्काचेवानने ती मान्य केली. मग त्यांनी हे पुस्तक इंग्रजीत का लिहावे? शेजारणीने अगदी साधे उत्तर दिले. म्हणाल्या, "कारण मला युक्रेनी वाचता येत नव्हते." ज्या मुलींच्या आया गेल्या, ज्यांची अक्षरे गेली, ज्यांनी इंग्रज नवरे केले, त्यांच्यासाठी ते होते. आया मुठीने व अंदाजाने घालीत; सावेलाबाईंनी त्या मुठी कपांत आणि चमच्यांत मोजून दिल्या. पदार्थांची नावे मात्र युक्रेनी ठेविली आणि कोणता पदार्थ कोणत्या सणास व का, हेही सांगितले. शेजारीण आधी कुत्या करावयास शिकल्या. तो शब्द तोंडात आला. मग दुसरा आला. मग चाळिशीत त्या रात्रीच्या वर्गास जाऊन अक्षरे शिकल्या. मोडके का होईना बोलू लागल्या, आणि नातू त्यांच्या मोडक्यावरच वाढला.

येथे आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमचा नातू मुळात मराठी बोलत असे. चार वर्षांचा होईपर्यंत दर रविवारी फोनवर तो आमच्याशी मराठीतच बोले. "आजोबा, मी दूध पिला," असे तो म्हणे. आम्ही म्हणू, "पिला नव्हे बाळ, मी दूध प्यालो." तो म्हणे, "मी गाडी पाहिलो." आम्ही म्हणू, "मी गाडी पाहिली. सकर्मक आहे ना?" चार वर्षांच्या मुलास! प्रत्येक वाक्यास आम्ही असे थोपविले. तो हळूहळू गप्प झाला, मग 'हो' आणि 'नाही' एवढेच उरले, मग इंग्रजी आले, आणि आम्हीच मुलीस म्हणालो, "राहू दे. अशी मोडकीतोडकी बोलण्यापेक्षा इंग्रजी तरी शुद्ध बोलू दे." त्या रात्री बर्फातून घरी येताना हे सारे आम्हांस एका मागून एक आठवले. मुलीस ते बोलून दाखविले तेव्हा ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, मला तुम्ही व्याकरण शिकविलेत, पण मराठी मी आजीकडून शिकले. तिला कर्म म्हणजे नशीब एवढेच ठाऊक होते."

मुलीचे सावेलाबाईंविषयीही एक भांडण आहे, ते येथे नोंदविणे रास्त होय. तिचे म्हणणे असे की, घर, भाषा आणि संस्कृती सांभाळणे हे काम आईचेच, असा त्या पिढीचा ग्रह होता. आणि बाई एवढ्या शिकल्या तरी तो ग्रह त्यांनी पुरता मोडला नाही. "आईने नोकरीही करावी, भाषाही टिकवावी, कुत्याही शिजवावी, आणि आजोबांनी काय करावे?" असा तिचा प्रश्न होता. आम्हांस उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो.

पुढील दोन महिने आम्ही नातवास घेऊन रोज काही ना काही केले. मुलीबरोबर लग्नानंतर गेलेली कमलाबाई ओगले ह्यांची 'रुचिरा' फळीवर होतीच. मराठी मुलींच्या सामानातून ते पुस्तक १९७० पासून जगभर गेले आहे. आम्हांस स्वतःला चहापलीकडे काही येत नव्हते, हे त्या कामी फार उपयोगी पडले. दोघेही सारखेच अडाणी. परात, उलथने, किसणी, झारा, फोडणी, उकड असे शब्द हातात वस्तू असताना येत गेले. सौभाग्यवतींनी आम्हांस एकच अट घातली होती: तो काहीही बोलला तरी सुधारावयाचे नाही. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "थालीपीठ जळला." आमची जीभ टाळूस लागली होती. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "हो, जरा जळलेच." तो म्हणाला, "हो, जळले." एवढेच. एकतीस वर्षांत जी गोष्ट आम्हांस कोणी शिकविली नाही ती त्या तव्यापाशी कळली.

नातू आता सोळा वर्षांचा झाला आहे. शेजारीण अजून हिंडत्याफिरत्या आहेत. २०२२ नंतर युक्रेनहून युद्धामुळे जी कुटुंबे त्या गावी आली त्यांतील एक काही महिने त्यांच्याकडे उतरले होते. त्या घरची लहान मुले बाईंच्या 'श्टोर' आणि 'कारा'वर पोट धरून हसत, आणि बाईही हसत, असे नातवाने कळविले. त्याने ते मराठीत कळविले. मधले चार शब्द इंग्रजी होते. देवनागरी तो वाचतो, पण अक्षर अक्षर लावून, बोटाने.

मागच्या रविवारी त्याचा फोन आला. 'रुचिरा' त्याच्यापुढे उघडी होती. "आजोबा, एक विचारायची आहे," तो म्हणाला. (विचारायचे. असो.) "इथे लिहिला आहे, चिमूटभर मीठ. चिमूटभर म्हणजे किती ग्रॅम?"

आम्ही स्वयंपाकघरातील वजनाचा काटा काढिला. सौभाग्यवतींनी डब्यात दोन बोटे व अंगठा घालून मीठ उचलिले आणि काट्यावर सोडिले. काट्याने शून्य दाखविले. त्यांनी आणखी एक चिमूट सोडिली, तरी शून्य. फोनवर तो वाट पाहत होता. आम्ही त्यास म्हणालो, "बाळ, काटा हलत नाही. तुझी आई घरी आहे का? तिची बोटे पाहा."